दोर सोडणाऱ्याचे शब्द

अर्थ: सुखाचा प्रवास होवो. म्हणजे नीट जा, नीट परत या. एवढंच.

वापर: या धक्क्यावर हे शब्द दोर सोडणाऱ्याने म्हणायचे. डेकवरच्या प्रत्येकाकडे बघून, एकेकाला वेगळे. ज्याला मिळाले नाहीत त्याने उतरायचं. त्याला घेऊन निघायला कुठलाच कप्तान धजत नाही.

आणि आज दोर होता थोरल्याच्या हातात.

थोरल्याची बायको दिराची पिशवी बोटीवर देऊन मागे सरली. एकाच खोलीत मधोमध कपाट उभं करून हे सख्खे भाऊ वर्षभर राहिले होते. अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा, आणि मधे ही, टपालखात्यासारखी.

"त्याला सांग, खोकायचं तर बाहेर जाऊन खोक."

"वहिनी, त्याला सांगा, घोरण्यापेक्षा खोकणं बरं."

कान किटले होते तिचे. धाकट्याला बोटीवर काम मिळालं तेव्हा तिने हुश्श केलं होतं.

कप्तानाने हात वर केला.

"सुखाचा प्रवास होवो, कप्तान," थोरला म्हणाला. मग इंजिनवाल्याला. मग स्वयंपाक्याला, त्याला तर हसून. धाकट्यावरून मात्र त्याने रिकाम्या पिंपावरून फिरवावी तशी नजर फिरवली आणि तो दोर सोडायला वाकला.

"एक राहिला," कप्तान म्हणाला.

"मला तर कोणी दिसत नाही."

"दादा, जीभ झडली का तुझी?" वर्षात पहिल्यांदाच थेट.

थोरला दोराची गाठ चाचपत राहिला.

"उतर बाबा," कप्तान धाकट्याला म्हणाला. "मला माझी माणसं परत आणायचीत."

धाकट्याने पिशवी उचलली.

कपाट. खोकला. घोरणं. त्याला सांग, त्याला सांगा.

ती तरातरा पुढे झाली आणि नवऱ्याच्या हातातून तिने दोर हिसकावला.

"वेड लागलं का तुला?"

"लागायचं बाकी आहे, म्हणूनच." ती बोटीकडे वळली. "भावजी, इकडे बघा! सुखाचा प्रवास होवो. चांगला लांबचा होवो."

धाकट्याने कप्तानाकडे पाहिलं.

"दोर तिच्या हातात आहे," कप्तान म्हणाला. "ठेव पिशवी."

तिने खुंट्यावरून दोर काढून पाण्यात फेकला. बोट सुटली. हात कोणीच हलवला नाही.

"हिला सांगा," थोरला ओरडला, "घरी आल्यावर..."

धक्क्यावर दोघंच होती. सांगायला कोणी नव्हतं. ती ओले हात झटकत घराच्या वाटेला लागलीही होती.