लंडनमार्गे, विद्यावतीस

बुधवार, १२ ऑगस्ट १९६४. सकाळी साडेदहा वाजता मॉरिशसमधल्या रोझ हिलच्या एका सरकारी कचेरीत बाबूराव महाराजांना टेपरेकॉर्डरसमोर बसवण्यात आलं. सांगायचं होतं ते एवढंच, की आपण लावलेलं लग्न हे लग्न नव्हतं.

बाबूराव आठवडाभर ग्रां बुआजवळच्या साखर कारखान्यात भट्टीवर चिपाडं ढकलत आणि रविवारी देवळात पूजा सांगत. गावातल्या मराठी घरांतली लग्नं तेच लावायचे. आजही त्यांच्या अंगात लग्नांतलाच काळा कोट होता. दुसरा कोट नव्हताच.

"बोला, मिस्ये. पट्टी फिरायला लागली आहे," बालकल्याण अधिकारी हरिप्रसाद बेटावरच्या क्रेओल बोलीत म्हणाले.

"कुनाशी बोलू? समोर तर कोनच न्हाई."

"विद्यावतीशी. पोरगी समोर बसली आहे असं समजा."

पोरगी समोर नव्हती. ती एका रात्रीच्या समुद्रापलीकडे, रेयुनियन बेटावर होती. मार्च महिन्यात तिथल्या पोलिसांनी बंदराजवळच्या एका घरावर धाड घातली. आसपासच्या बेटांवरून आणलेल्या मुली तिथे कोंडलेल्या होत्या आणि जहाजांवरची माणसं पैसे देऊन त्या घरात येत होती. अशा मुलांना सोडवून ज्याच्या त्याच्या देशी परत धाडायचं, असा करार देशादेशांनी केलेला होता. त्याप्रमाणे मॉरिशसच्या दोघी परत आल्या. तिथेच सापडलेली विद्यावती आली नाही. तिला तिकडे घेऊन गेलेल्या नंदलालने तिथल्या न्यायाधीशांपुढे लग्नाचा फोटो ठेवला: ही माझी बायको. फोटोत अंतरपाट होता, अक्षता होत्या आणि काळ्या कोटातले बाबूराव होते.

चौदा वर्षांच्या विद्यावतीनेही न्यायाधीशांना तेच सांगितलं. आईकडे जायचं का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "महाराजांनी सांगितलंय, नवऱ्याचं घर सोडायचं न्हाई. आईनं बोलावलं तरी न्हाई."

हे वाक्य कुठल्या पोथीतलं नव्हतं. मंगलाष्टकं संपली की बाबूराव ते पदरचं जोडत. लोकांना आवडायचं, नवऱ्या मुली रडायच्या, म्हणून गेली कित्येक वर्षं त्यांनी ते ठेवलं होतं.

हे लग्न गेल्या डिसेंबरातलं. स्थळ पांपलमूस गावाकडचं. बाबूरावांनी रीतीप्रमाणे सगळं विचारून घेतलं होतं: कुळी कोणती, मामा कुठला, आजा हिंदुस्थानातून कोणत्या बोटीने आला. नंदलालची सगळी उत्तरं खरी निघाली. मुलगा आपल्यातलाच होता. देणंघेणं नको, मुलगी द्या, एवढंच म्हणत होता. रेयुनियनला कापडाचं दुकान आहे म्हणाला. ते दुकान कुणी पाहिलं आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही. मुलीची आई भगवती विधवा, उसात खुरपणीला जाणारी. तिने देवासमोर नारळ फोडला. मुलीचं वय सगळ्यांनाच माहीत होतं. त्यात वावगं काही कुणाला वाटलं नाही, बाबूरावांनाही नाही.

आता न्यायाधीशांचा प्रश्न होता: हे लग्न कुणी लावलं आणि त्याला काय अधिकार? लग्न खरं असेल तर बायकोला नवऱ्यापासून तोडता येत नाही. नसेल तर मुलगी आईची; तोवर ती नंदलालच्याच घरी. आणि मुलीचा विश्वास बसायचा असेल तर हे त्या महाराजांनीच तिला तिच्या भाषेत सांगावं.

अधिकार काहीच नव्हता. सरकारदरबारी जाऊन, गावच्या भाषेत 'लेतासिविल'मध्ये, सही केल्याशिवाय लग्न कायद्याला दिसत नसे. गावात तिकडे कोण जाणार? देवासमोर झालं ते झालं.

आदल्या संध्याकाळी बसंती त्यांच्या ओट्यावर येऊन बसली होती. तिचा नवरा वर्षापूर्वी वारला होता आणि दीर तिच्या भाजीच्या तुकड्यावर दावा सांगत होता.

"महाराज, तुमी उद्या तसं बोल्लात की माझा दीर परवा आवोकाच्या दारात, कोर्टात दावा घालाया. म्हनंल, हिचं बी लगीन त्याच महाराजानं लावलं. मंग मी कोन? वाटंवरची?"

"पोरीचा जीव हाय, बसंती."

"आन माझा? मला तेवढी जमीन हाय फकस्त." ती उठली. "माझ्या लग्नातला नारळ तरी परत द्या मंग."

ती गेल्यावर बाबूरावांची बायको चंद्रकला चुलीपासूनच म्हणाली, "म्हंजे आपलं बी न्हाईच की झालं. चार पोरं झाली, आन मी अजून कुवार!"

"चेष्टा नको."

"चेष्टा कुठली? तुमच्या बापानं लावलं ना, ते बी तसलंच." तिने भाकरी उलटली. "पोरीला आना. मी काय या वयात दुसरं घर बगतेय?"

बाबूराव त्या रात्री जेवले नाहीत, एवढं तिने नंतर शेजारी सांगितलं.

टेपरेकॉर्डर फिरत होता. बाबूरावांनी आधी पढवलेलं बोलून टाकलं: मी अमुक, राहणार अमुक, मला लग्न लावण्याचा सरकारी अधिकार नाही.

हरिप्रसादांनी यंत्र थांबवलं. "हे न्यायाधीशांसाठी झालं. आता तिला सांगा."

त्यांनी यंत्र पुन्हा चालू केलं, तसे बाबूराव पुढे सरकले.

"विद्ये, म्या महाराज बोलतोय. ग्रां बुआचा. त्या दिवशी म्या जे बोल्लो ना पोरी, घर सोडू नको म्हनून, ते देवाचं न्हवतं. माजं होतं. चुकीचं होतं. ते घर सोड. तुजं लगीन झालं न्हाई. कुनाचंच..." ते थांबले. "तुजं झालं न्हाई. काळं मनी काढ आन त्या लोकांच्या संगती ये. आई हितंच हाय."

भगवती दाराशी उभी होती. "मी बी बोलू का, साहेब?"

"साक्ष फक्त महाराजांची आहे. नियम तसा आहे," हरिप्रसाद म्हणाले.

"येकच शब्द."

"नाही जमणार, बाई."

"विद्ये!" भगवती दारातूनच ओरडली.

हरिप्रसादांचा हात बटणाकडे गेला. मागे जाऊन तेवढं पुसता आलं असतं. त्यांनी यंत्र बंद केलं, फीत काढली, डब्यात घातली आणि डब्यावर लाखेचा शिक्का मारला.

रेयुनियनची बोट दुसऱ्याच दिवशी पोर्लुई बंदरातून सुटणार होती. डबा त्या बोटीवर चढला नाही. मॉरिशस इंग्रजांचं, रेयुनियन फ्रेंचांचं, आणि सरकारी पुरावा सरकारांच्याच हातून जायचा. डबा लंडनला गेला, तिथून पॅरिसला आणि पॅरिसहून परत हिंदी महासागरात.

तेवढ्यात इकडे साक्षीची नक्कल बसंतीच्या दिराच्या वकिलाने मिळवली. ऑक्टोबरात जमीन दिराकडे गेली. बसंती आता रोझ हिलला एका घरी भांडी घासते. बाबूराव रस्त्यात दिसले तर पदर सारखा करून बाजूला होते.

नोव्हेंबरात गावातली माणसं जोडीजोडीने लेतासिविलला जाऊ लागली. बाबूराव आणि चंद्रकलाही गेले. कारकुनाने ठरलेला प्रश्न विचारला, "अविवाहित?" चंद्रकलेने पांढरे केस पदराखाली नीट केले आणि होकार दिला, "वी, मिस्ये." बाबूराव खिडकीबाहेर बघत होते.

जानेवारीत रेयुनियनहून उत्तर आलं. फीत पोचली तेव्हा नंदलालच्या घराला कुलूप होतं. नंदलाल मुलीला घेऊन सप्टेंबरातच मादागास्करच्या तामाताव बंदराकडे निघून गेला होता, म्हणजे डबा लंडनमध्ये होता तेव्हा. डबा परत आला. शिक्का तसाच होता.

तामाताव आता फ्रेंचांचं नाही, स्वतंत्र देशाचं आहे. त्या सरकारने करारावर सही केली आहे की नाही याची चौकशी हरिप्रसादांच्या कचेरीने वर केली. उत्तर येण्याआधीच डबा पुन्हा पाठवण्यात आला, याही वेळी लंडनमार्गे.

बाबूरावांना लग्नाला कुणी बोलावत नाही. रविवारी ते देवळात दिवा लावतात. पूजा आटोपली की भगवती पायरीवर थांबलेली असते.

"महाराज, आवाज पोचला का?"

"अजून न्हाई."

हे जून १९६५ मधलं. तामातावहून अद्याप काही कळलेलं नाही.