दोन सेकंदांची ओळ

कल्पना करा, मुलांनो. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचाल कसं? कल्पना करा की तुमच्या शाळेत घंटा वाजवायला माणूसच नाही. भिंतीवर बिस्किटाच्या पुड्याएवढा एक संगणक आहे. तो तारेतून इशारा देतो, हातोडी उचलली जाते आणि घंटेवर टोला पडतो. पहिल्या तासाला एक टोला, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. आता सांगा, त्या पुड्याला हे कोणी शिकवलं? कोणीतरी बसून, एकेक ओळ लिहून शिकवलं असणार. त्या माणसाला तुमची शाळा कुठे आहे तेही ठाऊक नसेल. तरी घंटा वाजते आणि तुम्ही दप्तर आवरता.

अशी ओळ लिहिणाऱ्या माणसांची एक खोली होती. वाचनालयाच्या मागच्या अंगाला, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांपलीकडे. एक टेबल, दोन संगणक, सात खुर्च्या. त्यातली एक लंगडी, तिच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. दर रविवारी सकाळी नऊला आत्या कुलूप उघडायची आणि तिच्या मागून खारू आत शिरायची. खारूचं खरं नाव शाळेच्या पटावर होतं, पण एका जागी बसणं तिला माहीत नव्हतं आणि सापडेल ती वस्तू ती खिशात साठवायची, म्हणून घरात सगळे तिला खारूच म्हणत. वय अकरा.

आत्या आठवडाभर चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची. प्रोग्राम लिहायला ती या खोलीतच शिकली, एका म्हाताऱ्या घड्याळजींकडून. घड्याळजींनी आपल्या गल्लीतल्या शाळेसाठी घंटेचा प्रोग्राम लिहिला, मग येईल त्याला शिकवत बसले. एक नर्स आली, एक बसचा ड्रायव्हर आला, टपालवाले काका आले, कॉलेजातली पोरं आली. एके काळी अकरा जण होते. खुर्च्या पुरायच्या नाहीत, मासिकांच्या गठ्ठ्यांवर बसावं लागायचं. प्रोग्राम सगळ्यांना मोकळा होता. ज्याला हवा त्याने न्यावा, विचारायचीही गरज नाही.

घड्याळजींनी दोन नियम घालून दिले होते. पहिला असा की, कोणीही नवीन ओळ लिहिली किंवा जुनी खोडली, तर ती दुसऱ्याने मोठ्याने वाचायची आणि लिहिणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं. वाचणारा अडखळला, त्याने काही विचारलं, तरी लिहिणारा गप्प. उत्तर तोंडाने द्यायचं नाही, कारण उद्या आपण नसू आणि ओळ असेल. उत्तर द्यायचं वहीने. हा दुसरा नियम: प्रत्येक ओळीचं कारण एका जाड वहीत हाताने लिहून ठेवायचं. वहीवर पुठ्ठ्याचं वेष्टन होतं आणि तिला सगळे कारणांची वही म्हणत.

घड्याळजी जाऊन तीन वर्षं झाली होती. ड्रायव्हर दुसऱ्या गावी बदलून गेला, नर्सला जुळं झालं, कॉलेजातली पोरं नोकऱ्यांना लागली. कोणी भांडून गेलं नाही. हातातून वाळू गळावी तसे एकेक गळाले. उरली आत्या आणि टपालवाले काका. घरात खारूचे बाबा बहिणीला चिडवायचे की, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं आता पुरे, लष्कर कधीच घरी गेलं. आत्या आधी हसायची. अलीकडे हसेनाशी झाली होती.

एका रविवारी काकांच्या गुडघ्याचं लहानसं ऑपरेशन होतं. कुलूप उघडतानाच आत्याने खारूला सांगून टाकलं की महिनाअखेरीस किल्ली ग्रंथपालबाईंना परत द्यायची. फुकटच्या कामावर अशी मंडळी टिकत नाहीत, चार दिवस उत्साह आणि मग एकाच्याच गळ्यात घोंगडं. जाण्याआधी प्रोग्राम तेवढा झाडूनपुसून ठेवू, बंद करताना घर स्वच्छ असावं.

शाळेत खारूला "प्रश्न कमी विचार" असं सांगत. या खोलीत प्रश्न विचारणं हेच काम होतं. ही खोली गेली तर रविवार म्हणजे नुसता सोमवारच्या आदला दिवस.

वाचायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून आत्याने तिलाच पुढे बसवलं. खारू एकेक ओळ वाचत गेली आणि एका खोडलेल्या ओळीपाशी थांबली. ती ओळ सांगत होती की एक टोला दिल्यावर दोन सेकंद थांब, मग दुसरा दे.

"ही का काढली?" तिने विचारलं.

आता आत्याने गप्प राहून वही उघडायला हवी होती. पण वही कपाटाच्या वरच्या फळीवर होती, स्टूल बाहेर होतं, आणि मनाने आत्या केव्हाच बाहेर पडली होती.

"उगाच आहे ती," आत्या म्हणाली. "हल्ली घंटेऐवजी भोंगे असतात, त्यांना थांबावं लागत नाही. वाच पुढे."

खारूने पुढे वाचलं. शेवटी वाचणाऱ्याच्या जागी आपलं नाव लिहिलं, जिवणी ताणून, झोकदार अक्षरात. आत्याने बटण दाबलं. प्रोग्राम जिथे जिथे वापरात होता, तिथले संगणक नवी आवृत्ती आपणहून उचलून घेत. जिथे जिथे म्हणजे कुठे, ते मात्र खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. घड्याळजींनी मुद्दामच तशी सोय ठेवली नव्हती. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, म्हणायचे. आत्याचा अंदाज होता की गल्लीतली शाळा आणि फार तर आणखी दोनतीन ठिकाणं असतील.

सोमवारी गल्लीतल्या शाळेत, म्हणजे खारूच्याच शाळेत, दुसऱ्या तासाला एकच टोला पडला, तोही "टुक्" असा, दाराला कोणी नख मारावं तसा. तिसऱ्या तासाला पुन्हा टुक्. चौथ्याला टुक्. गणिताचे सर पहिला तास समजून तीनदा त्याच वर्गात आले आणि तिसऱ्यांदा मुलं उभी राहिली तेव्हा स्वतःच गोंधळून फळ्याकडे बघत राहिले. सगळा वर्ग हसत होता. खारूला मात्र कळलं होतं. टोल्यांमधली उसंत गेली होती. हातोडी वर जायच्या आतच पुढचे सगळे इशारे येऊन आपटत होते, आणि तिचं झोकदार नाव त्या बदलाखाली होतं.

संध्याकाळी ती धावत आत्याच्या घरी गेली. आत्या संगणकासमोर बसली होती, चप्पलही काढली नव्हती. पडद्यावर पत्रं होती, प्रोग्रामच्या तळाशी दिलेल्या पत्त्यावर आलेली. एक नाही, दोन नाही, त्रेचाळीस.

दोघींनी एकेक पत्र उघडायला सुरुवात केली. एक पत्र डोंगरातल्या शाळेचं होतं, तिथे धुक्यात मुलं घंटेच्या आवाजावर वाट काढतात. एक पाव भाजणाऱ्याचं: त्याच्याकडे दोन टोले म्हणजे भट्टी उघडा, आणि त्या सकाळी दोन टोले झालेच नाहीत, सगळे पाव कोळसा. एक नावेच्या धक्क्यावरून. एक इस्पितळातून, औषधाच्या वेळा घंटेवर चालतात म्हणून. तिथल्या नर्सबाई स्वतः घड्याळाकडे डोळे लावून बसल्या होत्या, त्यामुळे निभावलं. काही पत्रं अशा भाषांत होती की यंत्राकडून भाषांतर करून घ्यावी लागली. आत्याने भिंतीवरच्या नकाशात एकेक गाव शोधायला सुरुवात केली आणि खारू खिशातल्या टाचण्या काढून टोचत गेली. टाचण्या संपल्यावर तिने शर्टाची बटणं चिकटवली. नकाशाच्या पार कडेला, जिथे निळा रंग संपतो, तिथेही एक बटण लागलं.

खारू मागे सरून बघत राहिली. लंगड्या खुर्चीच्या त्या खोलीतून निघालेल्या ओळी एवढ्या लांब जाऊन रोज सकाळी कोणाला तरी उठवत होत्या, आणि ओळींनी कधी मागे वळून सांगितलंही नव्हतं.

शेवटचं पत्र बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या बाईंचं होतं. तिथे घंटा नव्हतीच. प्रोग्राम दर वर्गातला एक पिवळा दिवा लावायचा आणि विझवायचा. मुलं लुकलुक मोजायची. आज दिवा एकदाच झपकन लागला आणि मुलं दिवसभर त्याच्याकडे बघत बसली. बाईंनी खाली लिहिलं होतं: "तुमच्या कंपनीत एवढी माणसं असतील, म्हणून आजवर त्रास द्यायला संकोच वाटायचा."

आत्याने ती ओळ दोनदा वाचली. मग मागची पत्रं पुन्हा चाळली. बऱ्याच जणांनी तसंच लिहिलं होतं. कोणी "तुमच्या तक्रार विभागाला" लिहिलं होतं, कोणी "मुख्य कचेरीला." धक्क्यावरचा माणूस गेली सहा वर्षं आपल्या मोठ्या घंटेसाठी स्वतःच ओळी दुरुस्त करून घेत होता; एवढ्या मोठ्या लोकांना आपण काय कळवायचं, म्हणून गप्प राहिला होता.

"त्यांना वाटतं आपण फार मोठे आहोत," आत्या हळू म्हणाली. "आणि मला वाटत होतं की तिकडे कोणीच नाही."

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या खोलीत काका काठी टेकत आले. गुडघ्याला पट्टी, तोंडाला खीळ नाही. आयुष्यभर पत्रं मी वाटली आणि आली मात्र तुम्हाला, असं म्हणून त्यांनी आधी कपाटातली वही काढायला लावली. पिवळ्या पानावर घड्याळजींचं बारीक अक्षर होतं. त्यांनी लिहिलं होतं: "हातोडीला वर जायला अर्धा सेकंद पुरतो. आधी एक सेकंद ठेवला होता. शाळेच्या शेवटच्या वर्गात जाऊन बसलो. मागच्या बाकावरच्या मुलाला टोले मोजता येईनात, एकाचा नाद दुसऱ्यात मिसळत होता. म्हणून दोन."

म्हातारा एका मुलासाठी मागच्या बाकावर जाऊन बसला होता, आणि त्या एका जादा सेकंदावर जगभरचे दिवे आणि घंटा चालत होत्या.

ओळ परत लिहायची होती. आत्या म्हणाली, जिने ती काढताना वाचली तिनेच लिहावी. खारूने लिहिली. काकांनी वाचली, एकदाही न अडखळता. त्याच रात्रीत घंटा पूर्ववत झाल्या.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, पण माफीची पत्रं खारूने लिहिली आणि त्यात खरं ते सांगून टाकलं. आमची कंपनी नाही. आम्ही रविवारी बसणारी अडीच माणसं आहोत, अर्धी मी. खोलीची किल्ली महिनाअखेरीस परत जाणार आहे. पत्र आत्याने वाचलं, "घरच्या गोष्टी चव्हाट्यावर" असं काहीसं पुटपुटली, पण खोडलं काही नाही.

चौतीस जणांनी उत्तरच दिलं नाही. त्यांची घंटा वाजत होती, त्यांना आणखी काय हवं? दोघांनी आभार मानले. सात जणांनी विचारलं की रविवारी कितीला बसता.

पुढच्या रविवारी नऊला पडद्यावर सात चौकटी उघडल्या. कोणाकडे सकाळ, कोणाकडे दिवेलागण. पाववाल्याच्या कपाळावर पीठ होतं. धक्क्यावरच्या माणसाने सहा वर्षांच्या दुरुस्त्या आणल्या होत्या आणि शाळकरी मुलासारखा अवघडून बसला होता. आत्याने सुरुवातीलाच सगळ्यांना बजावलं की सातांचे तीन व्हायला वेळ लागत नाही, मी हे पाहिलेलं आहे. म्हणून कोणी अख्खं ओझं उचलायचं नाही. ज्याने त्याने आपल्याला लागतात तेवढ्या ओळी सांभाळायच्या आणि शेजाऱ्याच्या वाचायच्या. किल्ली तिने आणखी एका महिन्यापुरती ठेवून घेतली होती. ग्रंथपालबाईंना तिने तसंच सांगितलं, एका महिन्यापुरती.

मग नियमाप्रमाणे आठवड्यातला बदल वाचायचा होता. बदल एकच, खारूची ओळ. परक्यांसमोर ती नव्याने वाचली जाणार होती. वाचायला बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या बाईंनी एका मुलीला पुढे बसवलं. खारूएवढीच असेल, दोन वेण्या, पुढचा एक दात तुटलेला. तिच्या मागे भिंतीवर तो पिवळा दिवा दिसत होता. मुलीने हात वर घेतले आणि हातांनी वाचायला लागली. बोटं उघडत होती, मिटत होती, हवेत वळत होती, आणि बाई शेजारी बसून ते मोठ्याने सांगत होत्या. खारूने आजवर ओळी ऐकल्या होत्या. ओळ डोळ्यांना दिसते कशी ते ती पहिल्यांदा पाहत होती. टोल्याच्या शब्दाला मुलीने एका मुठीवर दुसरी मूठ आपटली. मग हात स्थिर धरले. खोलीत आत्या थांबली, काका थांबले, सातही चौकटींतले लोक थांबले. दोन सेकंद. मग मूठ पुन्हा पडली.

मुलगी तिथे थबकली. तिने कपाळाला आठी घालून थेट खारूकडे पाहिलं आणि हातांनी काहीतरी विचारलं.

"ती विचारते आहे," बाई म्हणाल्या, "दोनच का? एक का नाही?"

उत्तर खारूच्या जिभेच्या टोकावर होतं. मागचा बाक, तो मुलगा, मिसळणारा नाद, सगळं. तोंड उघडलंही होतं. आत्या तिच्याकडे बघत होती.

खारूने तोंड मिटलं. स्टूल आधीच आत आणून ठेवलेलं होतं. त्यावर चढून तिने वही काढली, पिवळं पान शोधलं आणि दोन्ही हातांनी उघडी वही पडद्यासमोर धरली, त्या मुलीचं वाचून होईपर्यंत, न हलता.