यादीत एकच डिस्क

अहमदपूरच्या बसस्टँडमागं मल्लिनाथचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत एका दिवसात दोन मांडव उरकणारा हा गडी, पण नवा कॉम्प्युटर घ्यायचं तीन वर्षं टाळत आला होता. जुन्यानं मान टाकली तेव्हा कुठं त्यानं लातूरला भीमाशंकरच्या दुकानातून नवा मागवला. भीमाशंकर त्याचा शाळेपासूनचा दोस्त. नव्या कॉम्प्युटरच्या डब्यात नवी डिस्क होतीच. जुन्यातली डिस्क मल्लिनाथनं रविवारी स्वतःच्या हातानं शेजारी बसवली, कारण तीन वर्षांची सगळी लग्नं त्या एका डिस्कवर होती. दुसरीकडं उतरवून ठेवायचं रोज ठरायचं आणि रोज राहायचं. आपल्याकडं दुसऱ्या प्रतीची आठवण पहिली गेल्यावरच येते.

त्या डिस्कवर किशनरावांचा फोटो होता. किशनराव जवळच्याच एका वाडीतले शेतकरी. जन्मभर कॅमेऱ्याला पाठ दाखवत आलेला माणूस, पण लेकीच्या, आरतीच्या लग्नात एकदा हसला आणि मल्लिनाथनं ते बरोबर टिपलं. पुढं दोन महिन्यांत झटका येऊन किशनराव गेले. वर्ष फिरल्याशिवाय लग्नाचं काही घरात आणायचं नाही, असं भावकीनं ठरवलं. म्हणून अल्बम छापला नाही की पेनड्राईव्ह नेला नाही. दुखवट्याला गेला तेव्हा मल्लिनाथनंच किशनरावांच्या बायकोला, सिंधुकाकूंना, शब्द दिला होता, "काकांचा हसरा फोटो हाय माझ्यापाशी. मोठा करून देतो." उद्या वर्षश्राद्ध. घरात फोटो काय तो आधारकार्डावरचा, आणि त्यात किशनराव घरच्यांनाही ओळखू येत नव्हते. सिंधुकाकू आज दुपारी चारच्या एसटीनं फोटो न्यायला येणार होत्या.

सोमवार होता. मल्लिनाथची आई महादेवी, म्हणजे अव्वा, सकाळीच दुकानात आली. डब्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, बेल वाहिला, नारळ फोडला आणि जाता जाता बजावलं, "पूजा झाल्याली वस्तू हाय. आज तिला पाना, पेचकस काय लावायचं न्हाई बघ."

"न्हाई लावत, अव्वा."

चाळिशीला आलेला मल्लिनाथ अव्वाच्या शब्दाबाहेर नव्हता. आणि खरं सांगायचं तर अव्वाइतकाच तोही त्या पूजेला धरून होता, फक्त चारचौघांत कबूल करत नव्हता.

त्यानं विंडोजचा पेनड्राईव्ह लावला. थोड्या वेळानं पडद्यावर यादी आली, कुठल्या डिस्कवर टाकू म्हणून. डब्यात डिस्का दोन, यादीत एकच. दोन्ही एक टीबीच्या, त्यामुळं आकड्यावरून ही कोणती ते कळायला मार्ग नव्हता. मल्लिनाथनं आपलं गणित मांडलं. नव्या डब्यात दिसतेय ती नवीच असणार. जुनी दिसेल नंतर, विंडोज आल्यावर. पण त्या डिस्कवर विंडोज बसेना. डिस्कची मांडणी चालत नाही म्हणून कुरकुर करू लागलं. त्यानं भीमाशंकरला फोन लावला. तिकडं गिऱ्हाइकांचा गलका होता.

"नवी डिस्क आसून कुरकुर करायली?" भीमाशंकर म्हणाला. "आधी सांग, जुनीची वायर काढून ठेवलीस ना?"

वायर काढायची म्हणजे डबा उघडायचा, डबा उघडायचा म्हणजे पेचकस लावायचा. पूजेचं सांगावं तर भीमाशंकर आख्ख्या लातूरला सांगून हसणार.

"हाव, काढली की," मल्लिनाथ म्हणाला.

"मग क्लीन ऑल दे. आख्ख्या डिस्कभर नुसतं शून्य फिरवतंय. दोन-अडीच तास घील, पण लख्ख करतंय."

मल्लिनाथनं ती आज्ञा टाईप केली आणि निवांत चहाला गेला. हे लिहितानाही त्याची चीड येते. तासाभरानं येऊन बघितलं, अजून चालूच होतं, तर कौतुकानं डब्यावर हात फिरवला यानं.

दीड वाजता विंडोज बसलं. आता जुनी डिस्क उघडू म्हटलं, तर पडद्यावर डिस्क एकच. त्यानं बंद करून चालू केलं. परत एकच. पुन्हा फोन.

"ड्रायव्हर टाकावा लागतोय, त्याबिगर दिसत न्हाई कधीकधी," भीमाशंकर म्हणाला आणि लिंक पाठवली. मल्लिनाथनं तो ड्रायव्हर, म्हणजे डिस्क ओळखवणारा छोटा प्रोग्राम, टाकला. डब्यानं दम घेतला आणि दुसरी डिस्क खरंच आली. त्याला हायसं वाटलं. त्यानं तिच्यावर क्लिक केलं. आत काहीच नव्हतं. कोरी. कधी कुणी हात न लावलेली.

"ही कोरी हाय रे," त्यानं परत फोन लावून सांगितलं.

फोनवर गलका तसाच होता. भीमाशंकर हळू आवाजात म्हणाला, "मल्ल्या, आरं, ड्रायव्हरबिगर दिसत न्हवती ती नवी. मग सकाळी लख्ख केलीस ती कोणती?"

मल्लिनाथनं पहिली डिस्क उघडली; तिच्यात नुसतं नवं विंडोज होतं.

"परत काढता यील का? नांदेडला नेतो. पुण्याला नेतो."

"नुसतं पुसलं आसतंस तर काढलं आसतं. शून्य फिरवलंस तू. कुठं बी ने, आता तिथं काईच न्हाई."

चार वाजून दहा मिनिटांनी सिंधुकाकू आल्या. हातात पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची रिकामी फ्रेम. तांब्यातलं पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "दाखवा भाऊ."

खोटं सुचेना म्हणून त्यानं खरं सांगितलं. आपल्या हातानं पुसलं गेलं, म्हणाला. रडू आलं तेही लपवलं नाही.

काकूंनी पडद्याकडं बोट केलं. "मशिनीत न्हाई तर मोबाईलात बी न्हाई?"

"न्हाई काकू. पाव्हण्यांच्या मोबाईलात बघितलं मी मघाशी, फोन करकरून. सगळ्यात काका पाठमोरे."

"मी पंगतीकडं होते तवा. हसले ते मला दिसलंच न्हाई." त्यांनी फ्रेम वर्तमानपत्रातून सोडवून मांडीवर घेतली. "तुमी तर समोर होता. कसं हसले, तेवढं सांगा."

मल्लिनाथनं डोळे मिटले. त्या वर्षी त्यानं साठ लग्नं केली होती. मांडवाचा पिवळा उजेड आठवला, कॅमेऱ्यावर लावलेला आकडा आठवला, फेट्याची कडा नीट आली होती तेही आठवलं. चेहरा येईना. फोटो आहे म्हटल्यावर त्यानं तो डोक्यात ठेवलाच नव्हता.

"तोंड भरून हसले, काकू," तो म्हणाला. "सगळे दात दिसत होते."

सिंधुकाकूंनी त्याच्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"लग्नाच्या आधी वरचे चार दात पाडले होते त्यांचे," त्या म्हणाल्या. "कवळी यायची होती. त्या दिवसांत ओठ मिटूनच हसायचे."

काकूंनी फ्रेम पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत घातली आणि उठल्या.

"न्हाई आठवत तर न्हाई म्हणावं, भाऊ. मला बी आता नीट आठवत न्हाई. म्हणून तर आले होते."