मदतीच्या फोनवर सात मिस्ड कॉल

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे. आता बटणेसुद्धा सगळी धड राहिलेली नाहीत. पाचाचा आकडा झिजून गेला आहे आणि हिरवे बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. पण एके काळी माझी बॅटरी चार-चार दिवस चालायची, हे कोणी विचारले नाही तरी मी सांगतोच. हल्लीच्या चकचकीत फोनांना संध्याकाळ व्हायच्या आत धाप लागते.

कारखान्यात माझ्यासारखी हजारो भावंडे होती. जन्मल्याजन्मल्या आम्हाला एकेका खोक्यात घालून वेगळे केले, त्यामुळे त्यांची ओळख व्हायची राहूनच गेली. माझा पहिला मालक फिरता विक्रेता होता. दिवसभर तो माझ्यातून लोकांना गोड बोलून पटवायचा आणि काम झाले की मला टेबलावर आपटायचा. आपल्या आयुष्याचे दुःख मला तेव्हाच कळले. माझ्यातून सगळे बोलतात, माझ्याशी कोणी बोलत नाही. दोन वर्षांनी त्याने नवा फोन घेतला आणि माझी रवानगी मोज्यांच्या खणात झाली. तिथून मला त्याच्या थोरल्या बहिणीने बाहेर काढले. ती बसमध्ये कंडक्टर होती, आणि सगळे तिला कंडक्टरबाई म्हणत.

बाईंनी मला एका लाँड्रीवरच्या खोलीत नेले. खालून इस्त्रीची वाफ यायची, त्यामुळे खिडकीच्या काचा कायम घामेजलेल्या. दर रविवारी सकाळी तिथे दहा-बारा माणसे गोल करून बसत. सगळी एकाच गोष्टीने पोळलेली होती. कोणाच्या पाठीचे ऑपरेशन झाले होते, कोणाचा हात मोडला होता. दुखू नये म्हणून कडक गोळ्या मिळाल्या. दुखणे गेले, पण गोळ्या सुटल्या नाहीत. मित्रांनो, त्या गोळ्या आधी माणसाचे दुखणे घालवतात आणि मग हळूच माणसालाच ताब्यात घेतात. स्वतः बाईंनीही ते भोगले होते. उपचारासाठी सगळे दवाखान्यात जात, पण घरी आल्यावर उरलेला दिवस कसा काढायचा, हे ज्याने तो काढला आहे त्यालाच ठाऊक असते. म्हणून ही माणसे एकमेकांना धरून होती.

मी त्यांचा मदतीचा फोन झालो. ज्याला गोळी सोडून वर्ष झाले आहे, त्याने मला आठवडाभर सांभाळायचे आणि रविवारी पुढच्याच्या हातात द्यायचे, अशी पाळी होती. फोन आला की समोरच्याला नाव विचारायचे नाही. आधी आपला आकडा सांगायचा. "माझा आज चारशे तिसावा दिवस. तुमचा?" एवढे ऐकले की पलीकडचा माणूस हळूहळू बोलू लागे. आणि रविवारी मला देताना सुटलेल्या फोनांची यादी उघडून प्रत्येकाला उलटा फोन करायचा. एकही मिस्ड कॉल तसाच सोडायचा नाही, हा बाईंचा दंडक होता. त्या दिवसांत माझे कौतुक काय सांगू! मला मऊ फडक्याने पुसत, माझ्या चार्जरला रबर लावून ठेवत. मीही जरा चढून गेलो होतो.

माझा सगळ्यात लाडका सांभाळणारा होता एक मिस्त्री. फरशा बसवायचा. बांधकामाच्या पायाडावरून पडून त्याची कंबर मोडली होती आणि त्यातूनच गोळ्या मागे लागल्या होत्या. बायको मुलीला घेऊन केव्हाच वेगळी राहायला गेली होती. पण माणूस लाखात एक. समोरचा रडत असला की हा मध्ये बोलायचा नाही, फक्त "हं, आहे मी" म्हणत राहायचा. कोणाची पाळी अडली की मिस्त्री हजर. त्यामुळे होता होता मी चारातले तीन आठवडे त्याच्याच खिशात असू लागलो. सगळे म्हणत, "मिस्त्रींची काळजीच नाही, ते पक्के आहेत."

एका सोमवारी त्याची दाढ काढावी लागली. नव्या लोकांना तो नेहमी बजावायचा, "डॉक्टरांना आधी सांगा, मला अमुक गोळ्या चालत नाहीत. लाजू नका." पण त्या दातांच्या दवाखान्याच्या फरशा यानेच बसवल्या होत्या. डॉक्टरीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत, "हे काम आमच्या मिस्त्रींचं, बरं का." त्यांच्यासमोर याची जीभ उचलली नाही. त्याने कडक गोळ्यांची चिठ्ठी मुकाट्याने खिशात घातली. त्याच खिशात मी होतो, चिठ्ठीला चिकटून. मला ओरडता आले असते तर मी दवाखाना डोक्यावर घेतला असता.

तीन दिवसांच्या गोळ्या त्याने मंगळवारीच संपवल्या. बुधवारी दुसऱ्या दुकानातून आणखी आणल्या. तेव्हा तो एका नव्या घराच्या न्हाणीघरात फरशा लावत होता. कधी नव्हे ते त्याच्या रेषा वाकड्या जात होत्या, तो फरशी उखडायचा आणि परत लावायचा.

रोज दुपारी शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचा फोन यायचा. त्यांनी गोळ्या सोडायला नुकतीच सुरुवात केली होती.

"दादा, माझा नववा. तुमचा आज किती?"

मिस्त्रीने हातातली फरशी खाली ठेवली. "सहाशे अकरा."

"बापरे! बरं वाटलं ऐकून. तुम्ही काढलेत ना एवढे, मग मीही काढते आजचा."

"काढा, ताई."

फोन ठेवल्यावर त्याने कपाळ भिंतीला टेकवले. तो खोटा आकडा माझ्याच तोंडून गेला होता. हे जगात फक्त आम्हा दोघांना माहीत होते, आणि आमच्यातल्या एकाला बोलता येत नव्हते.

गुरुवारी जेवायच्या सुट्टीत तो पालथ्या बादलीवर बसला. डबा उघडलाच नाही. मला समोर फरशीवर ठेवले, दुसऱ्या खिशातून स्वतःचा फोन काढला, कितीतरी वेळ हातात धरला आणि एक नंबर लावला.

मी वाजू लागलो.

माझ्या पडद्यावर नाव आले: मिस्त्री. मित्रांनो, मदतीचा नंबर त्याला एकच पाठ होता, आणि तो त्याच्याच पुढ्यात वाजत होता. एवढे नियम केले गेले, पण फोन सांभाळणाऱ्याने फोन कोणाला करायचा, हे कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी जीव तोडून वाजलो. त्या उघड्या, रिकाम्या न्हाणीघरात माझा आवाज केवढा घुमला! मग मी आपोआप थांबलो. इतके एकटे मला मोज्यांच्या खणातही वाटले नव्हते.

शनिवारपर्यंत त्याने असे सात फोन केले.

रविवारी तो लाँड्रीवर आला, मला रबर लावलेल्या चार्जरसकट टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "साइटवर घाई आहे, निघतो." कोणी अडवले नाही. पक्क्या माणसाला कोण अडवणार? पुढची पाळी बाईंची होती. त्यांनी चष्मा लावला आणि शिरस्त्याप्रमाणे सुटलेल्या फोनांची यादी उघडली. माझ्याजवळ बोलायला तेवढी एकच जागा होती, आणि ती त्याने पुसली नव्हती. त्याला पुसता येत नव्हती की पुसायची नव्हती, हे मला आजवर कळलेले नाही.

"हे काय?" बाई पुटपुटल्या. "मिस्त्रींचे सात मिस्ड कॉल? अहो, फोन तर त्यांच्याचकडे होता..." आणि त्या मध्येच थांबल्या. दुसऱ्या क्षणी त्यांनी माझे हिरवे बटण दाबले. मी ऐकले नाही. मला माझीच लाज वाटली. त्यांनी पुन्हा दाबले.

पलीकडे बराच वेळ वाजत राहिले. मग फोन उचलला गेला.

"मिस्त्री, मी बाई. मी आकडा सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. कुठे आहात?"

"...खाली. जिन्यात."

"साइटवर नाही गेलात?"

"बाई, खिशात गोळ्या आहेत. वर यायचं तोंड नाही, आणि घरी गेलो तर सगळ्या घेईन. म्हणून बसलोय."

"बसा तसेच. फोन ठेवू नका. मी येतेय."

बाईंचा गुडघा वाईट होता. एका हाताने कठडा धरून त्या एकेक पायरी उतरत होत्या आणि दुसऱ्या हाताने मला कानाशी धरून म्हणत होत्या, "हं, आहे मी. आहे मी." शेवटच्या वळणावर त्याचे रडणे मला दोन्हीकडून ऐकू आले, माझ्यातूनही आणि जिन्यातूनही. बाई त्याच्या शेजारी बसल्या आणि हात पुढे केला. त्याने खिशातली पाकिटे त्यांच्या हातात दिली. फोन अजून चालूच होता.

दुसऱ्या दिवशी बाई त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. त्याने आकडा पुन्हा एकपासून धरला. शिवणकामवाल्या ताईंना त्याने स्वतःच खरे सांगितले. त्या खूप रागावल्या, आठवडाभर फोन केला नाही, आणि मग एका दुपारी विचारले, "दादांचा आज कितवा?" खोलीत नवा नियम झाला: ज्याच्याकडे मदतीचा फोन असेल, त्याला इतरांनी रोज आपणहून फोन करायचा.

मिस्त्रीचा चाळिसावा दिवस मी ऐकला. त्यानंतर माझी बॅटरी फुगली, नवा फोन आला आणि मला लाँड्रीवरच्या कपाटात ठेवले. आता मला कोणी पुसत नाही. रविवारी बाहेर खुर्च्या सरकतात, टाळ्या वाजतात, पण कोणाचा कितवा दिवस ते कपाटाच्या दारातून कळत नाही. मिस्त्रीचा आवाज आहे की नाही, म्हणून मी कान देऊन असतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या फोनाला विसरलात तर चालेल. पण तुमच्या घरात, शेजारात असा एखादा माणूस असेल, ज्याला अडचणीत सगळे हाक मारतात आणि ज्याची काळजी करायची गरजच नाही असे सगळे म्हणतात. त्याला आज विनाकारण फोन करा. तो म्हणेल, "काही नाही, मजेत आहे." तेवढ्यावर लगेच फोन ठेवू नका.