दोन नळ्यांच्या दोन तऱ्हा

त्या दसऱ्याला ब्राह्मणपुरीत नवलच होतं. रतिलालभाई सोनं लुटायला शिवेवर जाणार होते ते दमणीतून नव्हे, मोटारीतून. मोटार हाकणार दोधू. सहा महिन्यांपूर्वी हाच दोधू भाईंच्या दमणीचे बैल हाकायचा. मग पंधरा दिवस धुळ्याला राहून मोटार शिकून आला आणि तेव्हापासून गावात बैलांकडे बघेनासा झाला. भाईंनी सकाळीच बजावलं होतं, "आज मोटार अडनी, तं तू परत दमनीवरच बसजो."

आणि मोटार अडली.

खोड दोधूचीच. हत्यारं पूजायची तर ती लखलखीत हवीत, म्हणून आदल्या दिवशी त्यानं इंजिनाजवळची पितळी टाकी आणि तिच्या तांब्याच्या नळ्या सोडवून बायकोपुढे टाकल्या. छबूबाईनं देवाच्या भांड्यांबरोबर त्याही चिंच-राखेनं घासल्या. नळ्या सोन्यासारख्या झाल्या, पण धुळ्याच्या मिस्त्रीनं ओळखीसाठी लावलेले लाल-हिरवे पट्टेही राखेबरोबर गेले.

टाकीचं खालचं तोंड कार्बोरेटरचं, एवढं दोधूला पक्कं माहीत होतं. घोटाळा वरच्या दोन तोंडांचा. एकातून इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं दुसऱ्यातून मागच्या टाकीतलं पेट्रोल वर येतं. पण कुठलं कुठलं?

त्यानं अंदाजानं नळ्या जोडल्या. हँडल मारलं. मोटार सुरू झाली, मिनिटभर छान गुरगुरली आणि बंद पडली. म्हणजे नळ्या उलट्या लागल्या, असं त्याला वाटलं. त्यानं अदलाबदल केली. आता काळा धूर निघाला आणि मोटार खोकून थांबली. पुन्हा पहिल्यासारख्या लावल्या. चार ठोके, की गप्प.

दोधू बोनेटपाशी घाम पुसत उभा राहिला. दोन नळ्यांच्या दोनच तऱ्हा, आणि दोन्ही चुकीच्या! तिसरी आणायची कुठून? धुळ्याला तिसरी कुणी सांगितलीच नव्हती. वाड्यापुढे माणसं जमली होती, भाई फेटा बांधून पायरीवर उभे होते, आणि गोठ्यातले बैल निवांत रवंथ करत होते. दोधूला त्या बैलांचाही राग आला.

"तूच घासी घासी सत्यानास करा!" तो सगळ्यांदेखत बायकोवर ओरडला. छबूबाईचा चेहरा उतरला. पण ती गेली नाही. जवळ येऊन टाकीकडे बघत राहिली.

"आठे वर एक भोक व्हतं," ती हळूच म्हणाली. "मी घासतांना काटा घालीसन साफ करं. ते कोठे गयं?"

"भोकनं काय लिसन बसनी!" दोधू खेकसला. त्याला नळ्यांची पडली होती.

"तेलना डबाले दुसरं भोक नई पाडं, तं तेल पडस का?"

दोधूनं वाकून पाहिलं. टाकीच्या डोक्यावर भोक नव्हतंच. तिथं हळदकुंकवाचा जाड टिळा होता, मधोमध तांदळाचा दाणा रुतलेला, उन्हानं वाळून घट्ट झालेला. सकाळी पूजेत मोटारीचं कपाळ म्हणून त्यानंच तो अंगठ्यानं दाबून लावला होता. अंगठा अजून लाल होता. त्यानं तो मुठीत लपवला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

छबूबाईनं बाभळीच्या काट्यानं टिळा कोरला. सुस्कन हवा आत गेली, टाकीत बुडबुड झालं, पेट्रोल खाली कार्बोरेटरमध्ये उतरलं. नळ्या पहिल्याच वेळी बरोबर लागल्या होत्या. दोधूनं हँडल मारलं. मोटार सुरू झाली ती थांबेचना.

"वा रे दोधू!" भाई पायरी उतरत म्हणाले. "शिकी उना खरा!"

गप्प राहिलं असतं तर काम टिकलं असतं. दोधूनं बायकोकडे पाहिलं. तिचे हात अजून चिंच-राखेनं काळे होते, आणि ती खाली बघत होती.

"मी नई, भाई," तो कसाबसा म्हणाला. "चूक मन्ही व्हती. हिनी काढी."

भाईंनी दोघांकडे पाहिलं. मग गोठ्याकडे पाहिलं.

"मंग तिले पुढे बसाड," भाई म्हणाले. "वाटमां परत अडनी, तं तू काय करशी?"

माणसं हसली. छबूबाईनं पदराला हात पुसले, मोटारीच्या बाजूला गेली आणि दार कसं उघडायचं ते दोधूला विचारलं. तेवढं मात्र त्याला ठाऊक होतं.