पिवळी गोळी

सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत शिवरंजनीनं फोलिकच्या खोक्यात हात घातला आणि हातात आली मेथोट्रेक्सेटची पट्टी.

आता ही औषधं बनवणाऱ्यांना काय म्हणावं! सांधेवाताच्या माणसाला या दोन गोळ्या जोडीनं द्यायच्या. मेथोट्रेक्सेट जहाल, म्हणून आठवड्यातून एकदाच. तिचा तडाखा सोसावा म्हणून बाकीचे दिवस फोलिक, म्हणजे साधं जीवनसत्त्व. आणि दोन्ही पिवळ्या, दोन्ही एवढ्याएवढ्याशा, दोन्ही चंदेरी पट्टीत! अदलाबदल झाली तर माणूस जिवानिशी जातो. म्हणून तर शिवरंजनीनं एकीचं खोकं वरच्या फळीवर, दुसरीचं पार तळात ठेवून त्यावर लाल चिकटपट्टी मारली होती. सोमवारी माल आला, गर्दी उसळली, आणि घाईत तिनंच पट्ट्या भलत्या खोक्यात सारल्या.

त्यातली एकच पट्टी बाहेर गेली होती. मंगळवारी, चारठाण्याच्या पार्वतीबाईंना. "सोमवार सोडून रोज एक," असं तिनंच बजावलं होतं. सोमवारची जहाल गोळी म्हातारी विसरत नसे, महादेवाचा उपास असतो ना. आज शुक्रवार होता.

तिनं मागच्या खोलीत जाऊन मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. साहेबांनी आधी दार लोटून घेतलं.

"बोंबलू नका. औषध बदलून आलंय म्हणा आणि बोलावून घ्या. गाजावाजा झाला तर तुमची नोकरी गेलीच समजा."

कंत्राटी नोकरी, घरात कमावणारी ती एकटी. इकडं आड, तिकडं विहीर. ती परत खिडकीच्या जाळीआड येऊन बसली. समोर साठ-सत्तर माणसांची रांग, मागं दारात साहेब, आणि खिडकीवरचा दुसरा कर्मचारी रजेवर. रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. तिनं केसपेपरवरच्या नंबरावर फोन लावला. नशीब, म्हातारीनंच उचलला.

"आजी, दवाखान्यातून शिवरंजनी बोलायलेय. त्या पिवळ्या गोळ्या खाऊ नका. औषध बदलून आलंय."

"मी कुठं खायलेय माय? एकबी खाल्ली न्हाई."

शिवरंजनीच्या जिवात जीव आला. महादेवा, पावलास रे बाबा!

"आमच्या सुनंला, राजेश्रीला, तिसरा म्हैना लागलाय न्हवं? आशाताईनं तिला अशाच पिवळ्या गोळ्या दिल्या होत्या, त्या सरल्या. तुझ्या पट्टीत बी पिवळ्याच दिसल्या. म्हणलं, माझे हातपाय काय, दुखत्यातच. मंगळवारपासनं रोज माझ्या हातानं तिलाच द्यायलेय."

आशाताई देते ती फोलिक, पोटातल्या बाळासाठीच. ही गोळी गर्भ ठेवत नाही.

"ओ म्याडम, किती येळ?" रांगेतून कुणीतरी खेकसलं. साहेबांनी दारातून ओठांवर बोट ठेवलं. गेली खड्ड्यात नोकरी!

"आजी, मी चुकले!" ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी ओरडली. "मी भलती गोळी दिली. ती पोटातल्या लेकराला जहर हाय. राजेश्रीला आत्ताच्या आत्ता गाडीत घाला, परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्या!"



"अगं बाई," पलीकडून म्हातारीचा आवाज आला, "ती सकाळपासनं पोट धरून पडलीय. मी म्हणलं, अशक्तपणा असंल. म्हणून आत्ताच आणिक एक दिली."