खिशातला फ्यूज

त्या पोरीला रीत म्हणून नव्हतीच. मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी निम्मी झाली होती, डोक्यावर पंखा फिरत होता, आणि एकाएकी सगळं गप्प. मनुबाईंनी बोर्डाकडं बघितलं. फ्यूजची जागा पडलेल्या दातासारखी मोकळी.

"नेला का पुन्यांदा?" त्या ओसरीवरून कडाडल्या. "आगं समीक्षे! फ्यूज म्हंजे काय चिंचोका हाय व्हय, खिशात घालून फिरायला?"

नात टाकीच्या शिडीवरून खाली उतरली. सांगलीला, विश्रामबागेत इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला होती. सुट्टीला रहिमतपूरच्या मळ्यात आल्यापासून तिला नुसता तारांचा नाद. आधी टाकी भरली की कोकलणारी घंटी केली, मग अंधारात आपोआप लागणारा गोठ्यातला दिवा. आणि दर वेळी आधी फ्यूज काढायचा, तोही बाजूला ठेवायचा नाही, कुर्त्याच्या खिशात टाकायचा. तारेला ज्याचा हात, फ्यूज त्याच्याच खिशात, असं तिच्या सरांनी शिकवलेलं.

चिनीमातीच्या त्या ठोकळ्यांनी खिसा उसवून लोंबायला लागला होता.

"आज्जी, एवढा खिसा शिवून दे की गं."

"मी न्हाई शिवायची. आदी ही खोड टाक. तुजा आज्जा उभा जनम टावेलावर चालला, त्येच्या नखाला कवा धक्का लागला न्हाई."

टावेलाची रीत आजोबांनीच घालून दिलेली. विहिरीत मोटारीपाशी उतरायचं, तर वर स्टार्टरच्या पेटीच्या मुठीला खांद्यावरचा टावेल बांधायचा. टावेल दिसला की आत माणूस आहे. मग थ्री-फेज येवो नाहीतर देव येवो, बटणाला कुणी हात लावायचा नाही. उभ्या शिवारानं ती रीत पाळली होती.

पण ह्या सुट्टीत पोरीनं पेटीतच एक फोन बसवला. मिसकॉल दिला की मोटार सुरू, पेटीपर्यंत जायलाच नको. आज्जीच्या फोनवर तर दोनचा आकडा नुसता दाबून धरायचा. मनुबाईंनी आधी नाक मुरडलं. मग तोच फोन कमरेला खोचून गावभर मिरवला.

दुपारी शेजारची शालूबाई पान खायला आली. दोघींनी पानं जमवली तोवर शिवारात एकेक मोटार घुमायला लागली. मोटारींची थ्री-फेज लाईट आली होती.

"तुमची मोटार लावायला कोन जातंय आता, एवढ्या उन्हाचं?" शालूबाईनं विचारलं.

"जायाचं कशाला? बसल्या जागी लावते. बघ आता."

मनुबाईंनी आकडा दाबून धरला. पलीकडं एकदा वाजलं आणि आपोआप कट झालं. म्हणजे पेटीनं ऐकलं.

"आगं बया, लय भारी की गं!"

मनुबाई पानाचा विडा गालात सारून हसल्या. तेवढ्यात सून आतून हात पुसत आली. क्रांती तशी हळू बोलणारी.

"आत्या, कुनाला फोन केला? मोटार न्हाई ना लावली? ह्ये पंपात हात घालनार हुते, गळती काडाय. टावेल बांधतो म्हनले."

मनुबाईंच्या तोंडातला विडा तिथंच थांबला.

विहीर उसाच्या पलीकडं, इथून दिसत नव्हती. मोटार चालू झाली की अंगणातल्या हौदाच्या पाइपातून आधी हवा खाकरायची आणि मग पाणी यायचं. तिघी त्या पाइपाच्या तोंडाकडं बघत राहिल्या. उभ्या आयुष्यात मनुबाईंनी त्या पाण्याची वाट बघितली होती. आज ते येऊ नये म्हणून त्यांनी पदर मुठीत धरला. पाइप कोरडाच. एक मुंगी त्याच्या काठावरून चालली होती.

"पानी न्हाई," शालूबाई म्हणाली. "म्हंजे चालू झाली न्हाई."

"न्हाईतर चालू हून अडाकली." मनुबाई उठल्या.

"फोन लाव गं भाऊसोला!" त्या सुनेला म्हणाल्या.

लेकाचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. तिथंच वाजायला लागला.

"समी कुठं हाय?"

"मगाच गेली. मैत्रिणीकडं आसंल."

मनुबाई अनवाणीच निघाल्या. उसाची पाती तोंडावर ओढत होती. चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या मोटारींचा घुमारा, त्यात आपली कुठली ते कळेना. त्यांनी दोनदा हाक मारली. ती त्या घुमाऱ्यातच विरून गेली.

पेटी दिसली. मुठीला टावेल होता. शहाण्यासारखा, घट्ट बांधलेला.

पेटीखाली सावलीला समीक्षा बसली होती.

"आय?" विहिरीतून आवाज आला. खाली कट्ट्यावर भाऊसो कोपरापर्यंत पंपात हात घालून बसला होता. "तू कशाला उन्हाची आलीस? आन ही पेटी आत्ता खट्टदिशी वाजली. कुनी लावली गं, समे?"

समीक्षानं आजीच्या हातातल्या फोनकडं बघितलं. पेटीवरचा छोटा हिरवा दिवा अजून लुकलुकत होता.

"राँग नंबर असंल, अण्णा."

मनुबाईंची नजर तिच्या कुर्त्यावर गेली. मोटारीचे तिन्ही फ्यूज त्या लोंबत्या खिशात होते. उसवलेल्या टोकाखाली पोरीनं मूठ धरली होती, खाली पडू नयेत म्हणून. बाप उतरल्यापासून तशीच धरून बसली असावी. बोटं पांढरी पडली होती.

"राँग न्हवता," मनुबाई म्हणाल्या. "म्या लावला."

भाऊसोनं पंपातून हात हळूहळू बाहेर काढला. बोटं एकदा मिटली, उघडली. पुसायला खांद्यावर टावेल चाचपला. तो वर होता.

मनुबाई नातीशेजारी मातीत बसल्या. धाप आवरायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी आपला हात तिच्या मुठीखाली धरला.

"तुज्या पेटीला टावेल दिसत न्हाई, समे. आजपास्नं ह्या घरात तुजा खिसा खरा. घरला चल, दुहेरी शिवून देते."